शेवटची दहा मिनिटं

कापसाचा भाव पडला आणि यवतमाळच्या त्या जुन्या टॉकीजला नवे सिनेमे परवडेनासे झाले. त्यामुळेच इंदुताईंचं भाग्य उजळलं. सव्वीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेला सिनेमा पुन्हा लागला होता आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. सदाशिवरावांनी हौसेनं सिनेमाला नेलं आणि शेवटची दहा मिनिटं उरली असताना "गावाकडची नेरची गाडी चुकन" म्हणत हात धरून उठवलं. "पुढच्या खेपेले शेवट पाहू," म्हणाले. पुढची खेप काही आली नाही. सदाशिवरावांना सगळ्याचीच घाई. दोन वर्षांपूर्वी जगातूनही ते असेच लवकर उठून गेले.

शहरात गेलेला नायक फलाटावर वाट पाहणाऱ्या बायकोकडे परत येतो की नाही, एवढंच इंदुताईंना पाहायचं होतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. सदाशिवराव असते तर तिथं बसले असते.

मागच्या रांगेत डोमाजी नावाचे एक गृहस्थ शेंगा फोडत बसले होते. पाय इंदुताईंच्या खुर्चीवर, टरफलं त्यांच्या पदरात आणि आवाज थेट पडद्यापर्यंत.

"आता पाहा, थो बुढा मरते!"

बुढा मेला.

"ओ भाऊ, चूप बसा नं जरा!"

"तुमच्या भल्यासाठीच सांगून राह्यलो, बाई. सातव्यांदा पाहून राह्यलो मी!"

"मंग घरीच बसून आठवाचा होता!"

तेवढ्यात डोमाजींचा मोबाईल खणखणला. "हॅलो! हां, टाकीजमंदी हाय! नेरच्या गाडीनं येतो! गाय व्याली? कालवड का गोऱ्हा?" अर्ध्या टॉकीजनं सिनेमा सोडून तिकडे कान लावले. "कालवड!" डोमाजींनी जाहीर केलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

इंदुताईंनी गेटकीपर उकंडाला हाक मारली. त्यानं डोमाजींचा दंड धरला.

"दहाच मिनिटं राह्यली हो बाई!" डोमाजी काकुळतीला आले. पण इंदुताईंनी मान वळवली नाही आणि उकंडानं डोमाजींना बाहेर काढलं.

आता कशी शांतता झाली. पडद्यावर गाडीची शिट्टी झाली, धूर पसरला, नायकाची बायको बाकावरून उठली आणि पडदाच काळा झाला.

उकंडा टॉर्च घेऊन आला. "लोडशेडिंग हाय. जनरेटरमंदी डिझेल नाही. लाईन सहाले येईन, अन् रीळ तर पाचलेच परत जाते."

इंदुताईंना रडूच कोसळलं. पण मध्येच त्यांना आठवलं. सात वेळा! पिशवी उचलून त्या तडक बसस्टँडवर धावल्या. नेरच्या गाडीत खिडकीपाशी डोमाजी उरलेल्या शेंगा संपवत होते.

"भाऊ, चुकलं माह्यं. सांगा, थो परत येते का नाही?"

"मले काय मालूम?"

"सात वेळा पाह्यला नं तुम्ही!"

"पाह्यला. पण सातही खेपा शेवटाच्या आंधी कोणीतरी मले बाहेर काढते."

इंदुताई मटकन बाजूच्या सीटवर बसल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना. गाडी सुटली. डोमाजींनी त्यांच्यापुढे मूठभर शेंगा धरल्या.

"म्या आपल्या मनानं एक शेवट बनवला हाय. सांगू?"

"सांगा."

डोमाजींचा आवाज लगेच चढला. "गाडी थांबते! धूर निघून जाते! अन् डब्याच्या दारात..."

"ओ काका, हळू बोला नं!" पुढचा प्रवासी वैतागला.

"तुम्ही चूप बसा हो!" इंदुताई डोळे पुसत त्याच्यावर कडाडल्या. "थो उतरला का नाही, थे आयकू द्या मले!"