मेंढेबाबांचं सचित्र पुस्तक

एका जंगलात, बाळांनो, एका सिंहाला वैराग्य आलं. ते दर गुरुवारी जेवणानंतर येई आणि संध्याकाळपर्यंत टिके.

त्याचे गुरू होते मेंढेबाबा. जातीने मेंढा, वृत्तीने सूफी फकीर. सिंहाने त्यांना अजून खाल्लं नव्हतं, यावरून त्याची श्रद्धा ओळखा.

बाबांच्या वचनांचं सचित्र पुस्तक करायचं ठरलं. चित्रं इराणी पद्धतीची, बारीक कलाकुसरीची. काम खारीला मिळालं. ती आपल्याच शेपटीचे केस उपटून कुंचला बांधायची. बाबांवर तिचा फार जीव. निदान एका पानावर ते नीट दिसावेत, एवढीच तिची इच्छा होती.

तिने झाडाखाली बाबा काढले आणि त्यांच्या पायाशी सिंह.

कोल्हा वजीर म्हणाला, "महाराज खाली? वर घे त्यांना."

खारीने सिंहाला वर टेकडीवर नेलं. मग वजीर वर गेला. मग सेनापती रानडुक्कर, मग त्याची सासुरवाडी. खाली बाबा एकटेच उरले. खार मनातून खूश झाली.

पुस्तक दरबारात उघडलं. माकडाने विचारलं, "खारूताई, हे वरचे कोण गं?"

खारीला खोटं बोलता येत नसे. "ते लांबचे लोक. या पद्धतीत जवळचं खाली काढतात, लांबचं वर."

"म्हणजे आम्ही बाबांपासून लांब?" सिंह गुरगुरला.

गुरुवार होता म्हणून खार वाचली.

आता सगळ्यांनाच खाली यायचं होतं, बाबांना अगदी खेटून. खारीने पुन्हा केस उपटले. सिंह उजवीकडे बसला, वजीर डावीकडे, सासुरवाडी समोर. तरी सेनापती उरलाच. त्याला जागाही जरा जास्त लागे.

"बाबांना काढून टाक," वजीर म्हणाला.

"अहो, पुस्तक त्यांचं आहे!"

"म्हणून तर. ते काही बोलणार नाहीत. दुसऱ्या कुणाला काढून बघ."

बाबांच्या जागी रानडुक्कर बसलं. चित्रात सगळे त्याच्याकडे भक्तिभावाने बघत होते. दरबाराला पुस्तक फार आवडलं.

खार रडत बाबांकडे गेली. "बाबा, मीच पुसलं हो तुम्हाला."

बाबा गवत चघळत होते. "सगळे मावले का?"

"मावले."

"मग झालं तर."

खारीचं काही समाधान झालं नाही. शेपटीचा नुसता दांडा उरला होता आणि ज्यांच्यासाठी ती उपटली, तेच पानावर नव्हते. तिला फार वाईट वाटलं. थंडीही वाजत होती. बाबांनी थोडं सरकून तिला आपल्या लोकरीत जागा दिली.

तात्पर्य : ज्याला कशाचीच हाव नाही, अशा सत्पुरुषाच्या नेहमी जवळ बसावे. जागा कमी पडली, की त्यालाच उठवता येते.