बाजाराच्या दिवशीची सभा

घरातल्या आजारी-म्हाताऱ्या माणसांचं विनामोबदला करणाऱ्यांना काय मदत हवी, हे त्यांनाच विचारून योजना आखायची, असं वरून ठरलं. जवळा बाजारची सभा हरीश या कारकुनाच्या वाट्याला आली. आठवडी बाजाराला सगळी माणसं गावात असतात, म्हणून त्याने सभा त्याच दिवशी ठेवली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. सकाळी कायम अंथरुणावर असलेल्या आईला नमस्कार करून, यायला उशीर होईल असं बायकोला, अपर्णाला, सांगून तो हिंगोलीहून निघाला.

सभेला गर्दी झाली, पण सगळी पुरुषांची. सोमेश्वर नावाचा शेतकरी तर बापाच्या सेवेवर चहा थंड होईपर्यंत बोलला. बाप ग्यानबा अंथरुणाला खिळलेला होता.

"मग आत्ता त्यांच्यापाशी कोण आहे?" हरीशने विचारलं.

"बायको हाय की घरी," सोमेश्वर म्हणाला.

तेव्हा कुठे हरीशच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना विचारायचं, त्यांना घर सोडून येताच येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मतं साहेबांना कळवायची होती आणि हाती एकही खरं मत नव्हतं. तो तडक सोमेश्वरच्या घरी गेला.

सोमेश्वरच्या बायकोने, मनकर्णाने, प्रश्न नीट ऐकून घेतला आणि खुंटीवरची पिशवी काढली. "सांगते की, साहेब. पण लई दिवस झाले, बाजार डोळ्यानं पाहिला न्हाई. जाऊन येते, तवर तुमी मामंजीपाशी बसा." हरीशने तोंड उघडेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

ग्यानबाला कूस बदलून हवी होती. बदलल्यावर आधीचीच बरी वाटली. चहा बशीत हवा, तोही फुंकून. हरीशने फुंकफुंक फुंकला, तरी सून करते तसा थंड होत नाही, असा शेरा मिळाला. साहेबांचा फोन वाजत राहिला, पण हात मोकळा कुठे होता? तेवढ्यात शेजारची संगिता डोकावली. साहेब बसलेच आहेत तर आमच्या सासूबाईंकडेही बघतील, असं म्हणून तिने म्हातारीला धरून आणलं आणि तीही बाजाराला गेली. ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? दुपारपर्यंत ओसरी भरली. एकाचं पांघरूण सारखं करावं तर दुसऱ्याला पाणी हवं असायचं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आतून हाक यायची. बिचारा रडकुंडीला आला.

दिवस कलताना मनकर्णा परतली. हातात नव्या बांगड्या होत्या आणि चेहरा खुलला होता.

"आता तरी सांगा, काय मदत पाहिजे?" हरीशने विचारलं.

"हेच की. पुढल्या बाजारालाबी या."

परतीच्या एसटीत बसल्यावर त्याने अपर्णाला फोन लावला. सगळी कर्मकथा ऐकवली आणि शेवटी म्हणाला, "दिवसभर उंबरा ओलांडता आला नाही गं मला. साधा चहा सुखाने मिळाला नाही."

 मग अपर्णाने शांतपणे विचारलं, "अहो, आपल्या घरी मत घ्यायला कधी येता?"