उकडलेलं, कच्चं आणि तिसरं

"अंडं कधी खोटं बोलत नाही!"

प्रोटस खाएम्बा सरांनी हे स्टाफरूममध्ये इतक्या ठासून सांगितलं, की भूगोलाच्या बाईंची गोड तळलेली मांदाझी हातातून सुटली आणि थेट चहाच्या तळाशी गेली.

केनियातल्या बुंगोमाजवळच्या त्या मुलींच्या माध्यमिक शाळेत सर फिजिक्स शिकवत. प्रयोगशाळा नव्हती. एका खोलीत तीन परीक्षानळ्या होत्या आणि एक लोहचुंबक, त्याला टाचणीसुद्धा भीक घालत नसे! म्हणून सर घरातल्या वस्तूंची कोडी घालत. घट्ट बसलेलं झाकण गरम पाण्याखाली धरलं की सैल का होतं? थंड सोड्याच्या बाटलीला घाम का फुटतो? मुली जेवणाच्या रांगेतही वाद घालायच्या.

आणि शुक्रवारी शिक्षणाधिकारी लांगात साहेब येणार होते. ते खूश झाले तर प्रयोगशाळा मंजूर!

"तीस अंडी," सर म्हणाले. "अर्धी उकडलेली, अर्धी कच्ची, सगळी एकत्र. एकही न फोडता मुली वेगळी करतील. नुसती टेबलावर गरगर फिरवून!"

"आणि चुकल्या तर?" मुख्याध्यापिका नामाल्वा मॅडमनी विचारलं.

"चुकायला तिसरा प्रकार आहेच कुठे, मॅडम? अंडं एक तर उकडलेलं, नाही तर कच्चं!"

शुक्रवारी सकाळी सहा अंडी कमी भरली. स्वयंपाकीण जेन्ट्रिक्सने ती साहेबांच्या नाश्त्यासाठी तळून टाकली होती, आणि आता ती विहिरीवर गेली होती. साहेबांची गाडी तर फाटकात! सर धावतच कोठीघरात शिरले. कोपऱ्यात टोपली, टोपलीत गवत, गवतात मोजून सहा अंडी! सरांनी हात लावला.

"वा! काय ताजी! अजून गरम आहेत!"

जीवशास्त्राशी सरांचा संबंध शाळेतच संपला होता. दाणे टिपून परतलेली पांढरी कोंबडी दारात थबकली आणि खिसेकापूकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत राहिली.

सभागृहात दुसऱ्या वर्गातली नासाम्बू पुढे आली. पहिलं अंडं भोवऱ्यासारखं फिरलं. "उकडलेलं!" दुसरं लग्नातून परतणाऱ्या काकांसारखं डुलत गेलं. तिने बोट टेकवून ते थांबवलं, बोट उचललं, तर पठ्ठ्या पुन्हा हळूच फिरायला लागला. "कच्चं!"

"असं का गं?" साहेबांनी विचारलं.

"आतला बलक थांबलेलाच नसतो, साहेब. टरफलाला दम दिला तरी त्याला ऐकूच जात नाही!"

साहेब खळखळून हसले आणि डायरीत काहीतरी लिहिलं. मॅडमनी सरांकडे बघून डोळे मिचकावले. प्रयोगशाळा आलीच म्हणायची!

तिसरं अंडं अर्ध्यात थांबलं. मग उलटं झुकलं.

"सर, हे ऐकत नाहीये."

"जोर लाव!"

"सर, आता तर मी हातही लावला नाही... आणि हे हलतंय!"

मागच्या बाकावर दोघींनी प्रार्थना सुरू केली.

"टेबल कलतं आहे!" सर ओरडले. साहेबांनी स्वतःची डायरी टेबलाच्या पायाखाली सरकवली. अंडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

"वारा! खिडक्या लावा!"

खिडक्या लागल्या. अंडं हललंच.

"भूकंप तर नाही ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"चीक," अंडं म्हणालं.

सरांच्या कपाळावर सोड्याच्या बाटलीसारखा घाम.

"हा... हा हवेचा दाब आहे," सर म्हणाले.

तेवढ्यात बंद दारावर धडका बसायला लागल्या. कुणीतरी दार उघडलं आणि पांढरी कोंबडी बाणासारखी आत! टेबलावर उडी, सरांच्या हाताला दोन टोचे. नऊ कच्ची अंडी फुटली, त्यातली दोन साहेबांच्या बुटांवर. मागोमाग जेन्ट्रिक्स.

"वीस दिवस बसलीय ती त्या अंड्यांवर! उद्या पिल्लं निघणार होती! कुठला मास्तर म्हणायचा हा?"

"पण ती सहा यातली कुठली?" मॅडम ओरडल्या.

मग जो तो एकेक अंडं कानाला लावून उभा राहिला. नामाल्वा मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. साहेब फोनवर बोलावं तसं "हॅलो?" म्हणाले, आणि उत्तर आलं तेव्हा दचकले!

सहाही सापडली. पण कोंबडी रुसून छपरावर चढली, ती खाली यायला तयार नाही.

"आता तुम्हीच बसा!" जेन्ट्रिक्सने सुनावलं.

सर बसले. मॅडमच्या खुर्चीत, स्वेटरमध्ये सहा अंडी घेऊन, श्वाससुद्धा बेताने घेत. दुसऱ्या दिवशी पहिलं टरफल तडकलं तेव्हा त्यांना आपली छडी कुठे आहे, सोमवारी काय शिकवायचंय, काहीच आठवेना. ओलं, केविलवाणं पिल्लू त्यांच्याकडे बघत होतं. "आलास का रे?" सर पुटपुटले.

पिल्लांनी डोळे उघडून पहिला चेहरा पाहिला तो सरांचा. झालं! सोमवारपासून सर पुढे, सहा पिल्लं मागे. वर्गात, स्टाफरूममध्ये, प्रार्थनेला. सर शौचालयात गेले की दाराबाहेर सहाजणांचा आक्रोश!

महिन्याने साहेबांचं पत्र आलं. मॅडमनी मोठ्याने वाचलं, "'कुक्कुटपालनाचा प्रत्यक्ष प्रयोग पाहून समाधान वाटले. सबब एक पक्के खुराडे मंजूर.'"

"आणि प्रयोगशाळा?"

"तिच्याबद्दल अवाक्षर नाही."

सरांच्या बुटावर दोन पिल्लं पेंगत होती.

"मॅडम, खुराड्यात वीज असणार का?"

"एक बल्ब आहे. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून."

"बटण?"

"तेही आहे."

दुसऱ्या वर्गाचा विजेचा धडा हल्ली खुराड्यातच होतो. मुली म्हणतात, समजतो छान. फक्त वाकून बसावं लागतं.