२०३७ पर्यंतची कुकी

इंटरनेटवर माझी माहिती कुणाच्या बापाला मिळणार नाही, असं मी १९९९ साली अख्ख्या ऑफिसला बजावलं होतं! वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर ओळखीची एक चिठ्ठी ठेवून जाते, तिला म्हणतात कुकी. मी ब्राउझरला सांगूनच ठेवलं होतं, प्रत्येक कुकीनं आधी मला विचारायचं! आणि मी काही 'हो' म्हणत नसे.

एका रविवारी सकाळी आमच्या राजाजीनगरच्या कानडी घरमालकीण अंबूअक्का वर आल्या. त्यांची लेक धनलक्ष्मी शिकागोला बाळंत झाली होती. नातीचा फोटो तिनं एका साइटवर ठेवला होता.

"रत्नाकर, स्वल्प दाखव रे. बारा दिवसांची झाली, अजून तोंड पाहिलं नाही."

"दोन मिनिटं, अक्का!"

मोडेम किंचाळला, साइट उघडली, मी पासवर्ड टाकला. टुण्! 'कुकी ठेवू का?' नको! टुण्! नको! टुण्! नको! डास मारावेत तसा मी दाबत सुटलो. शेवटी साइटनं विचारलं, 'आपण कोण? पासवर्ड टाका.'

पुन्हा टाकला. पुन्हा तेच! चिठ्ठीच ठेवू देत नाही म्हटल्यावर ती मला ओळखणार कशी?

पाचव्या फेरीला अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "बाळाला काही झालंय का रे? लपवतोयस?"

मला घाम फुटला! "नाही हो अक्का! माझ्याच हट्टानं अडलंय." मी कुकीचं सगळं सांगून टाकलं. "आता सगळ्यांना हो म्हणतो!"

"सगळ्यांना कशाला? सरक. एकेक वाच."

चाळीस वर्षं भाडेकरू पारखलेल्या अक्का खुर्चीत बसल्या.

"ही फोटोवाल्यांचीच. काम संपेपर्यंत राहणार."

"सरी, येऊ दे."

"ही कुणा जाहिरातवाल्यांची. २०३७ पर्यंत."

"अडतीस वर्षं? मी अकरा महिन्यांच्या वर कुणाला ठेवत नाही! बेडा, नको! हाकल!"

तीन आत आल्या, नऊ हाकलल्या. आणि फोटो वरून खाली उतरू लागला. टोपडं, कपाळ, मग दोन टपोरे डोळे! अक्कांनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मी थक्क! चार वर्षं इंजिनिअरिंग घासून मला जे सुचलं नाही, ते या बाईनं दहा मिनिटांत करून दाखवलं. ज्याच्याशी काम, त्याला आत. आगंतुकाला दारातूनच रामराम!

सोमवारी ऑफिसात मी याच नियमावर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या! साहेबांनी विचारलं, "वा! कल्पना कुणाची?"

आता तुम्हीच सांगा, एखाद्या बाईची खाजगी माहिती अशी चारचौघांत उघड करणं बरं दिसतं का?