सासूबाईंचं पाताळातलं घर

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि पेनांगमधल्या जावयांची झोप उडते. बून टेकने यंदा ठरवलं, वारलेल्या सासऱ्यांना जाळून पाठवायचं कागदी घर आपणच आणायचं. (गेल्या वर्षी मेव्हण्याने आणलेल्या घराचं कौतुक सासूबाई अजून करत होत्या.) घर दुमजली, अंगणात मोटार, फाटकात दरवान!

"दारावर नाव कुणाचं?" दुकानदाराने विचारलं. नाव नसलं की वाटेतली बेवारस भुतं घर बळकावतात. बून टेकच्या डोक्यात सकाळपासून सासूबाईच घोळत होत्या. तोंडून त्यांचंच नाव निघालं.

दुपारी गल्लीत घर पेटवलं. छपराने पेट घेतला आणि त्याच्या बायकोने, सू लिंगने, दारावरची पाटी वाचली.

"अगं बाई! हे तर आईचं नाव!"

बून टेक पाण्याची बादली घेऊन धावला.

"विझवू नकोस! नुसतं छप्पर पोचलं तर आई भिंतींशिवाय राहील कशी?" सू लिंग ओरडली.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे खाली माझी सोय झाली. आता बोलावणंच यायचं."

"मा, चुकून झालं हो..."

"चुकून कुणी सासूला पाताळात घर घेतं का रे?"

बून टेकला दरदरून घाम फुटला. म्हातारीला उद्या साधं पडसं झालं असतं, तरी सगळ्या गोताने त्याच्या नावाने खडे फोडले असते. आणि खरंच काही झालं तर?

सासूबाईंनी देव्हाऱ्यातल्या कौलाच्या दोन फळ्या उचलल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. "अहो, घर चुकून माझ्या नावावर झालंय. तुम्ही राहा त्यात. मी सावकाश येईन. चालेल?"

दोन्ही पालथ्या. नकार.

पुन्हा टाकल्या. पुन्हा नकार. सू लिंग रडायलाच लागली. सासूबाईंनी फळ्या तिसऱ्यांदा उचलल्या, पण आता रागाने.

"जन्मभर तुमच्या नावावरच्या घरात मी राहिले. आता माझ्या घरात तुम्ही राहा, मुकाट्याने!"

एक उताणी, एक पालथी.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर घरमालकिणीचं तेज चढलं. त्यांनी फळ्या पुन्हा हातात घेतल्या.

"तिथे एकटे आहात, हाताखाली कुणी हवं का? जावयाला पाठवू?"

बून टेक हसला. फळ्या पडल्या. पहिल्याच फटक्यात होकार.

"मा, तीनदा विचारायचं असतं ना?" तो कसाबसा म्हणाला.

"नकार आला तर," सासूबाई फळ्या पदराने पुसत म्हणाल्या.