जयसिंगरावांची गुप्त चौकशी

माणूस पारखावा तर जयसिंगरावांनी! हे मत खुद्द जयसिंगरावांचंच होतं. देवासात त्याला दुसऱ्या कुणी दुजोरा दिल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी चेहरा बघून निवडलेला शेवटचा भाडेकरू जाताना न्हाणीघरातला नळसुद्धा काढून घेऊन गेला होता! त्याआधीचे तिघे नळ न घेताच पळाले, पण का पळाले ते जयसिंगरावांना कधी उमगलं नाही.

सात महिने वरचा मजला रिकामा होता. अशात गेल्या महिन्यात इंदिराबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. जयसिंगराव बँकेत गेलेले. बाई तासभर हाका मारत राहिल्या आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं! तेव्हापासून त्यांनी न्हाणीघराला आतून कडी लावणंच सोडून दिलं.

"हाकेला ओ देणारं माणूस हवं मला वर," त्यांनी निक्षून सांगितलं. "रविवारपर्यंत आणा. नाहीतर मी चालले बेंगलुरूला, कृतिकाकडे!" कृतिका म्हणजे त्यांची नोकरी करणारी मुलगी.

सुदैवाने धारचा अजेय घर बघून गेला. देवासच्या कारखान्यात नवीन नोकरी, बोलणं अदबीचं.

"याला आजच किल्ली द्या," इंदिराबाई म्हणाल्या.

"चौकशी न करता? हॅट्!"

या चौकशीबद्दल जयसिंगरावांचा एक सिद्धांत होता. घरमालक म्हणून विचारलं की लोक सावध होतात, तेव्हा आपण कोण हे सांगायचंच नाही! दुसऱ्या दिवशी बंद गळ्याचा कोट चढवून ते धारला पोचले. रिकाम्या हाताने लोकांच्या जिभा सुटत नाहीत, म्हणून अर्धा किलो पेढेही घेतले.

अजेयच्या गल्लीच्या तोंडाशी दत्ताजींचं किराणा दुकान होतं.

"जरा एका मुलाची माहिती हवी होती. अजेय कसा आहे?"

दत्ताजींनी कोट पाहिला, पेढ्यांचा डबा पाहिला आणि ते उठून उभेच राहिले.

"कुठले आपण? घरी कोण कोण?"

"देवासचे. मी, मंडळी आणि एक मुलगी."

"अरे भिया, बैठो ना! अजेय म्हणजे हिरा है, हिरा!"

"दारूबिरू?"

"राम राम! सुपारीचं खांडसुद्धा नाही."

"पाणी फार वापरतो का?"

दत्ताजी विचारात पडले. "अंघोळ रोज करतो," ते जपून म्हणाले.

"भिंतीत खिळे ठोकतो?"

एव्हाना दुकानापाशी चारपाच जण जमले होते. खिळ्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण जमत आलेल्या गोष्टीत मोडता कोण घालणार? "ठोकलेच तर सरळ ठोकेल, साहेब!" एकाने छातीठोकपणे सांगितलं.

दत्ताजींनी पाहुण्यांना थेट अजेयच्या घरीच नेलं. त्याची आई, सुमंगलाबाई, डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या. वर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे आले. मुलाला बोलावणं गेलं. दत्ताजींनी घराणं विचारलं, कुळदैवत विचारलं. घरमालकाची एवढी कदर! जयसिंगराव खुशीत पणजोबांपर्यंत पोचले. या लोकांना आपण घरमालक आहोत हे अजून सांगितलेलंच नाही, हे ते साफ विसरले.

"मग... मुलगा पसंत आहे?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"पसंत आहे. पण मी घाई करत नाही. आधी अकरा महिने ठेवू. पटलं तर वाढवू!"

सुमंगलाबाईंच्या हातातली कपबशी थांबली. "अकरा महिने?"

"सगळीकडे तीच पद्धत आहे! सोडायचं झालं तर महिनाभर आधी सांगायचं. आणि हो, सुरुवातीलाच पोलीस ठाण्यात नोंद करून टाकू."

"क्या बात कर रहे हो?" दत्ताजी ताडकन उठले. "आमच्यात असली लग्नं होत नाहीत!"

"लग्नं?"

तेवढ्यात अजेय आत आला. "अरे, काका! आई, मी देवासला ज्यांचं घर बघून आलो ना, ते हेच!"

जयसिंगरावांची नजर देवघराकडे गेली. त्यांच्या पेढ्यांचा डबा देवापुढे ठेवलेला होता, वर कुंकू वाहून! मग मात्र त्यांना सगळं समजलं आणि बंद गळ्याच्या आत घामाच्या धारा लागल्या.

सुमंगलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "घरासाठी आला होतात, तर तसं सांगायचं होतं, रावसाहेब. आता गल्ली उद्या विचारणार, देवासच्या पाहुण्यांनी मुलात काय खोट काढली?"

"चूक झाली, बाई," जयसिंगराव पुटपुटले. त्यांना मनापासून लाज वाटली.

"रविवारी मी देवासला येते. आता चौकशी माझी!"

रविवारी त्या अजेय आणि दत्ताजींना घेऊन आल्या. आल्या त्या आधी शेजारी शिरल्या आणि तासभर बाहेरच आल्या नाहीत! जयसिंगराव ओसरीत येरझारा घालत होते. त्या शेजाऱ्याशी त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

अखेर बाई आत येऊन बसल्या. "पहाटे पाचला हे भाडेकरूचं दार वाजवतात. कुणी पाहुणा आला की जिन्यात उभे राहून मोजतात. खरं आहे?"

जयसिंगरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. अडतीस वर्षांचा संसार होता!

"सगळं खरं," इंदिराबाई म्हणाल्या. "वर जाऊन दिवेसुद्धा मालवतात."

सुमंगलाबाईंनी पर्स उचलली. इंदिराबाईंनी पटकन त्यांचा हात धरला. "बाई, मी पडले तेव्हा तासभर हाका मारत होते हो. नाही म्हणू नका." त्यांचे डोळे भरून आले.

सुमंगलाबाई पुन्हा बसल्या. "अजेय ओ देईल, ही माझी हमी. पण यांची हमी कोण घेणार?"

दत्ताजी खिडकीतून देवीच्या टेकरीचं दर्शन घेऊ लागले.

शेवटी हमी इंदिराबाईंनीच घेतली, तीही लेखी! भाडेकरूच्या अटी अर्ध्या पानात आटोपल्या, घरमालकाच्या दीड पान झाल्या. जिना चढायचा नाही. भाडेकरूशी जे काही बोलायचं ते इंदिराबाईंनी बोलायचं.

"माझ्याच घरात?"

"सही करा," इंदिराबाई म्हणाल्या.

अजेय राहायला आला त्या संध्याकाळी इंदिराबाईंनी न्हाणीघरातून मुद्दाम हाक मारली. "अजेय!"

"आलो, काकू!" म्हणत तो धावत खाली आला. पुन्हा मारली, पुन्हा आला. बाईंचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी त्यांनी निर्धास्तपणे आतून कडी लावली.

ओसरीतल्या खुर्चीवर जयसिंगरावांचा ऊर अभिमानाने भरून आला. निवड शेवटी कुणाची! त्यांनीही जिन्याखाली उभं राहून खणखणीत हाक मारली. "अजेय!"

वरून अदबीने उत्तर आलं. "काका, काही काम असेल तर काकूंना सांगा ना!"