वाहनात आढळलेले खड्डे

टेकवस्ती ते फाटा हा सहा किलोमीटरचा रस्ता दप्तरी तीन वेळा पूर्ण झालेला असल्यामुळे, त्यावरून चालू शकेल असं वाहन शोधायला बिरदेवांना पाच महिने लागले.

माण तालुक्यातल्या या माळावरून बिरदेवांची मेंढरं सुखाने जातात, चाकाची गोष्ट निराळी. ॲम्ब्युलन्स फाट्यापर्यंत येते आणि पुढचा मुलूख बघून नम्रपणे थांबते. धाकट्या सुनेला, मायाला, दिवस गेल्याचं कळल्यापासून हा शोध चालू होता आणि आता सातवा महिना लागला होता. थोरलीला चार वर्षांपूर्वी बाजेवर घालून फाट्याकडे न्यावं लागलं होतं आणि बाळंतपण वाटेतच, एका बाभळीखाली उरकलं होतं. "या वक्ताला बाभळ नगं," एवढंच बिरदेवांची बायको हरणाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. लष्करात सतरा वर्षं ट्रक चालवलेल्या बिरदेवांना आदेश ओळखता येतो.

मिरजेत एका तंबोरे करणाऱ्याच्या परसात लष्करी लिलावातला जुना ट्रक उभा होता. चारही चाकांनी ओढणारा, वयाने बिरदेवांच्या बरोबरीचा. मागच्या हौद्यात तंबोऱ्यांचे भोपळे वाळत ठेवले होते. बिरदेवांनी सोबत गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींना नेलं. बिरदेव बॉनेटकडे वळताच मिस्त्रींनी त्यांचा दंड धरला.

"आवं दादा, समदी आधी बॉनेट उघडत्यात आन फसत्यात. आधी गाडीखाली झोपायचं. चासीला स्क्रूड्रायव्हर टोचायचा. आत गेला म्हंजी समदं गंजलंय. मग उठायचं, कपडं झटकायचं आन घरला जायचं."

स्क्रूड्रायव्हर आत गेला नाही. मग मिस्त्रींनी चासीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, कारण गार असताना कुरकुरणारं इंजिन विकणारा आधीच तापवून ठेवतो, आणि मगच स्टार्टर मारायला सांगितलं. ट्रक खोकला, पण उठला. शेवटी खटका ओढून पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर दिला आणि त्याला नदीकाठचा चढ चढवला. "लय नेक गाडी हाय," मिस्त्री म्हणाले. भोपळे उतरवले आणि सौदा झाला.

इथवर सगळं सुरळीत चाललं, कारण इथवर सरकारी काम निघालं नव्हतं.

अशा वाहनाला 'रस्ता-वाहन सुसंगती कक्षा'ची शिफारस लागते. अर्जात एक रकाना होता: डोंगरी वाहनाचे प्रयोजन. बिरदेवांनी लिहिलं, 'रस्ता नाही.' कक्षाच्या साहेबांनी फाईल उघडली, रस्ता पूर्ण झाल्याचे तीन दाखले पाहिले, तिसऱ्यावर 'खड्डे: निरंक' ही नोंद वाचली आणि स्थळपाहणी लावली.

साहेबांची गाडी फाट्यावरच राहिली. "ड्रायव्हरचं पोट दुखतंय," असं सांगून साहेब बिरदेवांच्या ट्रकमध्ये चढले. सहा किलोमीटरांत त्यांनी दोनशे चौदा हादरे मोजले, त्यातले शेवटचे साठ दांडी धरून उभ्याने. वस्तीवर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी निष्कर्ष सांगितला.

"वाहन सदोष आहे."

"सायेब, खड्डं रस्त्यात हाईत."

"रेकॉर्डवर नाहीत. हादरे मात्र मी स्वतः मोजलेत. खड्डे रस्त्यात नसतील तर ते कुठे असणार, तुम्हीच सांगा."

बिरदेव विचार करू लागले. विचार करता करता आपलीच काहीतरी चूक झाली असावी, असं त्यांनाही वाटू लागलं.

मिस्त्रींनी येऊन चारही चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले. फेरतपासणीत हादरे दोनशे एकोणीस भरले. साहेबांनी चार ठिकाणी ट्रक थांबवून खड्डा सीटखाली आहे का, हे वाकून पाहिलं. चाकाखाली पाहणं त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं.

"सायेब," मिस्त्री हात जोडून म्हणाले, "आता गाडीत बदलायचं कायबी उरलं न्हाई. बसणारा तेवढा बदलून बघा."

ही सूचना नोंदवून घेण्यात आली. मायाला नववा लागला आणि आदेश आला: 'सदर वाहनात दोनशे एकोणीस खड्डे आढळले असून ते त्या वाहनाचे स्वतःचे आहेत. सबब, रस्त्याची बदनामी टाळण्यासाठी हे वाहन टेकवस्ती-फाटा रस्त्यावर आणण्यास मनाई करण्यात येत आहे. रस्ता सोडून अन्यत्र चालवण्यास हरकत नाही.'

बिरदेव कागद धरून उंबऱ्यात बसून राहिले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राणही उरलं नव्हतं. हरणाबाईंनी आदेश दोनदा वाचून घेतला.

"रस्त्यावर न्यायाची न्हाई, म्हंत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग नगा नेऊ. रस्ता हाय कुठं?"

आठव्या दिवशी सकाळी मायाला कळा सुरू झाल्या. फाट्यावर ॲम्ब्युलन्स बोलावली आणि हौद्यात गाद्या टाकून ट्रक निघाला. फाट्याच्या अलीकडे मांडव दिसला. रस्ता चौथ्यांदा पूर्ण होत होता, आणि साहेब फितीचं एक टोक धरून उभे होते.

"थांबा! हे वाहन रस्त्यावर आणायला मनाई आहे!"

"आणलं न्हाई सायेब. रस्ता कुठनं सुरू हुतो तेवढं बोटानं दावा, मी लगीच बाजूला घेतो."

साहेबांनी खाली पाहिलं. डावीकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं. हौद्यातून मायाची किंकाळी आली. साहेबांनी फीत डोक्यावर उचलली आणि ट्रक तिच्याखालून गेला.

फाट्यावरून ॲम्ब्युलन्सने दहिवडीच्या दवाखान्यात पोहोचल्यावर अकराव्या मिनिटाला मुलगी झाली. आई आणि लेक दोघी ठणठणीत. बिरदेव दवाखान्याच्या पायरीवर चारचौघांदेखत रडले.

कक्षालाही आनंद झाला, पण तो वेगळ्या कारणाने. या प्रकरणावरून परिपत्रक निघालं: यापुढे हादरे बसल्यास वाहनधारकाने प्रथम आपले वाहन तपासून घ्यावे. त्यावर आजतागायत एकही हरकत आलेली नाही. मिस्त्रींच्या गॅरेजबाहेर मात्र रांग लागलेली असते.

आणि तुम्ही? गेल्याच महिन्यात तुम्ही गाडीचे शॉकअप बदलून घेतलेत. त्यानेही भागलं नाही म्हणून कमरेला पट्टा आणलात. रस्त्याबद्दल मात्र कुठे एक अक्षरही लिहून दिलं नाहीत. या सहकार्याबद्दल कक्ष आपला आभारी आहे.